अँडीजच्या माथ्यावरचा भुईहोला

दगडवाट (धागाकर्ती)

चिलीच्या उत्तर टोकाला आरिका नावाचं बंदर आहे. तिथून बोलिव्हियाच्या सरहद्दीकडे जाणारा रस्ता साधारण दोनशे किलोमीटरमध्ये समुद्रकिनाऱ्यावरून चुंगारा सरोवरापर्यंत, म्हणजे साडेचार हजार मीटरच्या वर नेऊन सोडतो. लोक हा रस्ता फ्लेमिंगो, व्हिकुन्या (लामाचे रानटी भाऊबंद) आणि बर्फाच्छादित ज्वालामुखींसाठी करतात. मी तो केला जमिनीवर दाणे टिपणाऱ्या छोट्या होल्यांसाठी. त्यांच्याबद्दल मराठीत काही सापडलं नाही, म्हणून हा धागा.

खाली आरिकाच्या बागांत आणि ओलिताच्या शेतांत क्रोकिंग ग्राउंड डव्ह दिसतो. चोच बुडाशी पिवळी, टोकाशी काळी, आणि आवाज चक्क बेडकाचा. दरी चढून साडेतीन हजार मीटरवरच्या पुत्रे गावी पोचलं की तो मागे राहिलेला असतो. इथे दोन वेगळे होले भेटतात. एकाच्या डोळ्याभोवती पिवळ्या-नारिंगी उघड्या कातडीचा ठसठशीत पट्टा असतो (बेअर-फेस्ड), दुसरा अंगाने मोठा आणि काळ्या पंखांचा (ब्लॅक-विंग्ड). आणखी वर झाडं संपतात. उरतं इचू गवत, तोला नावाची खुरटी झुडपं आणि वारा. या उघड्या माळाला तिकडे पुना म्हणतात. तिथे राहतो तो माझा लाडका, गोल्डन-स्पॉटेड ग्राउंड डव्ह. शास्त्रीय नाव मेट्रिओपेलिया आयमारा. १८४० मध्ये फ्लोराँ प्रेव्हो या फ्रेंच अभ्यासकाने त्याचं वर्णन केलं. आयमारा हे या पठारावर पिढ्यानपिढ्या लामा-अल्पाका पाळणाऱ्या लोकांचं नाव.

मी या सगळ्यांना भुईहोले म्हणणार आहे, कारण त्यांचं सगळं आयुष्य भुईवर जातं.

आमचा हा सोनठिपक्या लांबीला १७-१८ सेंटिमीटर, म्हणजे आपल्या अंगणातल्या होल्याहून बराच लहान. शेपूट आखूड, अंग गोलसर. पाठ मातकट, छातीवर फिकट गुलाबी झाक. पंखाच्या वरच्या भागावर बारीक सोनेरी ठिपके असतात, पण ऊन नेमक्या कोनातून पडलं आणि तुम्ही जवळ असलात तरच ते चमकतात. एरवी मातीवर माती. दहा-बारा जणांचा थवा समोर चरत असतो आणि आपल्याला नुसतं मैदान दिसतं. त्यातला एक हलला की मग एकेक करत सगळे दिसू लागतात.

दक्षिण पेरू, पश्चिम बोलिव्हिया, उत्तर चिली आणि वायव्य अर्जेंटिना एवढा त्याचा मुलूख. उंची साधारण ३,००० पासून ५,००० मीटरच्या आसपास. तिथे वर्षातल्या बहुतेक रात्री दहिवर गोठतं. दुपारचं ऊन कातडी सोलतं. पाऊस पडतो तो मुख्यतः डिसेंबर ते मार्च, बाकी कोरडं. आणि एवढ्या सगळ्यात हा पक्षी करतो काय, तर चालतो आणि गवताचं बी टिपतो. सकाळी, दुपारी, संध्याकाळी. अल्पाकांच्या दगडी वाड्यांभोवती, खेड्यांच्या कडेला, झऱ्यांच्या ओलसर गवताशी. आवाज जवळजवळ करतच नाही. उडताना मात्र पंखांतून कोरडी खुळखुळ ऐकू येते.

मला या पक्ष्याबद्दल एक गोष्ट ठामपणे वाटते. उंचीवर जगायला प्रत्येक जीवाने काहीतरी अचाट कमावलेलं असतं अशी आपली समजूत असते. या होल्याकडे बघून मला वाटतं, होला असणं हीच त्याची तयारी आहे. बिया खाणं, चोच बुडवून भराभर पाणी पिणं, पिलांना स्वतःच्या अन्नपिशवीतलं दूध पाजणं, गरज पडली तर उघड्या जमिनीवर भागवणं, हे सगळं त्याच्या कुळात आधीपासूनच आहे. तेच त्याला इतक्या उंचीवर उपयोगी पडलं.

फोटो वेगळ्या प्रतिसादात टाकते. जाणकारांनी भर घालावी.

पाचोळा

सुंदर धागा, ताई. वाचनखूण साठवली.

एक शंका. लडाखला स्नो पिजन आणि हिल पिजन पाहिलेत. दोन्ही आपल्या पारव्याएवढे, भरदार. थंडीत मोठं शरीर फायद्याचं, कारण वजनाच्या मानाने पृष्ठभाग कमी आणि उष्णता कमी जाते, असं शिकलोय. मग तितक्याच उंचीवर अँडीजमध्ये इतका चिमुकला होला कसा टिकतो?

दगडवाट

@पाचोळा, हिमालयातले ते दोघे कड्यांचे पक्षी. रात्री कपारीत बसायचं आणि दिवसा लांब उडत जाऊन शेतांवर, कुरणांवर उतरायचं. थवे वाऱ्यावर स्वार होतात. भुईहोला उलट वाऱ्याच्या खाली राहतो. पुनावर जमिनीपासून वीतभर उंचीपर्यंतची हवा आणि आपल्या छातीजवळची हवा यांत फार फरक असतो. दुपारी जमीन तापते, इचूच्या बुंध्याआड वारा लागत नाही. गुडघे टेकून बसलं की हा फरक गालाला कळतो. पारव्याएवढ्या पक्ष्याला गवताच्या एका झुबक्याआड लपता येणार नाही, याला येतं. शिवाय लहान शरीराला रोज लागणारं एकूण अन्न कमी, आणि पुनावरचं बी बारीक आणि विखुरलेलं असतं.

रात्रीचा प्रश्न खराच आहे. याचा एक चुलतभाऊ, उत्तर व मध्य अमेरिकेतला इंका डव्ह, यावर १९६७ मध्ये काम झालंय. उपाशी राहिला तर तो रात्री शरीराचं तापमान उतरवतो आणि इंधन वाचवतो. थंडीत हेच इंका डव्ह एकमेकांच्या पाठीवर बसून दोन-तीन थरांचा ढीग करतात. एवढ्याशा होल्याच्या घराण्यात थंडीवरचे उपाय किती जुने असतील याची त्यावरून कल्पना येते.

रसायन

ताई, तुमच्या मुख्य मुद्द्याशी माझा मतभेद आहे. साडेचार हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांहूनही कमी असतो. नुसतं "होला असणं" त्याला पुरत नाही. २०१६ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात एक मोठा अभ्यास आला होता. उंचावरच्या आणि सखल भागातल्या पक्ष्यांच्या जवळच्या नात्यातल्या जोड्या घेऊन त्यांचं हिमोग्लोबिन तपासलं, एकूण ५६ प्रकारचे पक्षी. उंचावरच्यांचं हिमोग्लोबिन ऑक्सिजन जास्त घट्ट धरतं, हे पुन्हा पुन्हा दिसलं. आणि गंमत म्हणजे हा परिणाम प्रत्येक वंशात प्रथिनातल्या बहुतेक वेगवेगळ्या बदलांमधून आला होता. नैसर्गिक निवडीची धार तिथे स्पष्ट दिसते. उंचीने पक्ष्यांचं रक्त बदललंय.

दगडवाट

@रसायन, हे इथे आणल्याबद्दल मनापासून आभार. रक्त बदलतं हे मला मान्यच आहे. माझं म्हणणं आहे की रक्त बदलणं हे प्रवेशपत्र झालं. पुनावर कोण राहतं आणि कोण राहत नाही हे त्यावर ठरत नाही, कारण तो बदल बदकांना, हमिंगबर्डना, चिमण्यांसारख्या पक्ष्यांना, सगळ्यांनाच करता आलेला दिसतो. फुप्फुसातून एकाच दिशेने वाहणारी हवा आणि जोडीला हवेच्या पिशव्या, ही तर सगळ्याच पक्ष्यांची मिळकत. पण आत आल्यावर खायचं काय आणि पिलांना द्यायचं काय? माझ्या मते खरी गाळणी इथे लागते, आणि तिथे होल्याचं कूळ पुढे जातं.

रसायन

प्रवेशपत्र हा शब्द मला पटत नाही, कारण थंडीत उष्णता तयार करायलाही ऑक्सिजनच लागतो. म्हणजे ही परीक्षा रोज रात्री असते. पण पिलांच्या खाण्याचा मुद्दा वजनदार आहे, त्यावर सविस्तर लिहा.

गवतफूल

मलाही तेच विचारायचं होतं. पक्षी दूध कसं देतात? शाळेत मुलांना सांगता येईल असं लिहाल का?

दगडवाट

@गवतफूल, कबुतर-होल्यांच्या गळ्याशी अन्न साठवायची पिशवी असते. अंडी उबवून होत आली की तिच्या आतल्या अस्तराच्या पेशी भराभर वाढतात, त्यांत प्रथिनं आणि चरबी भरते, आणि मग त्या सुटून दह्याच्या चोथ्यासारखा पदार्थ तयार होतो. आई आणि बाप दोघांच्याही पिशवीत. प्रोलॅक्टिन हे संप्रेरक त्यामागे असतं, तेच जे सस्तन प्राण्यांत दुधाशी निगडित आहे. पिल्लू आईबापाच्या चोचीत चोच घालून ते पितं. पहिले काही दिवस फक्त हेच, मग हळूहळू त्यात भिजलेल्या बिया मिसळत जातात. या दुधात लॅक्टोज नसतं, हे मुलांना सांगा, त्यांना आवडेल.

आता पुनावर याचा अर्थ काय होतो बघा. दाणे खाणारे बहुतेक छोटे पक्षीसुद्धा पिलांना किडे भरवतात, कारण वाढत्या अंगाला प्रथिनं हवीत. थंड, कोरड्या माळावर किडे थोडे आणि त्यांचा हंगाम आखूड. भुईहोल्याला पिलांसाठी एकही किडा शोधावा लागत नाही. आईबापाला बिया आणि पाणी मिळालं की पिलाचं अन्न त्यांच्या गळ्यात तयार होतं. पुनावर ब्लॅक सिस्किन नावाचा एक काळा-पिवळा फिंच भेटतो. त्याचं कूळही पिलांना मुख्यतः ओकलेल्या बियांवरच वाढवतं. एकाच माळावर हे दोघे दिसावेत हा मला योगायोग वाटत नाही.

पाण्याचं मात्र बंधन आहे. कोरडं बी खाणाऱ्याला रोज पाणी लागतं. होले चोच बुडवून, मान वर न करता ओढून पितात, त्यामुळे पाण्याशी काढायचा वेळ कमी होतो. आणि पाण्याशीच धोका असतो, कारण ॲप्लोमाडो ससाणा त्याच माळावर फिरतो. बोफेदाल म्हणजे झऱ्याच्या पाण्यावर वाढलेली गच्च हिरवी पाणथळ. पहाटे तिच्या कडेला बर्फाची साय असते. ऊन चढून ती फुटली की होले येतात, घटाघट पितात, जातात.

गवतफूल

बापाच्या गळ्यातही दूध! उद्याच वर्गात सांगते.

अरेकिपाकर

नोकरीनिमित्त अरेकिपात (पेरू) राहतो. इथली उंची सुमारे २,३०० मीटर, म्हणजे ताईंचा सोनठिपक्या इथून वर राहतो. आमच्याकडे असतो तो डोळ्याभोवती उघडी कातडी असलेला. इथे त्याला कास्काबेलिता म्हणतात.

शहर सियार नावाच्या पांढऱ्या ज्वालामुखी दगडात बांधलेलं आहे. जुन्या भिंतींत भोकं, चिरा, निखळलेले दगड भरपूर, आणि हा होला मूळचा कड्यांच्या फटींत घरटं करणारा. त्याच्या दृष्टीने आमची गल्ली म्हणजे कडाच. आमच्या परसातल्या भिंतीत एक जोडी आहे. घरटं म्हणजे चार काड्या, आपल्याकडे खिडकीच्या पडदीवर होला रचतो तितकंच निष्काळजी दिसणारं. पण आत भिंत रात्रभर ऊब देते. दिवसभर तापलेला दगड सूर्य मावळल्यावरही बराच वेळ कोमट राहतो, हात लावून पाहिलंय.

उडतानाची ती खुळखुळ मी रोज ऐकतो. मांजर अंगणात आलं की एक पाखरू खुळखुळत उठतं आणि बाकीचे तत्क्षणी उठतात. ऑस्ट्रेलियातल्या क्रेस्टेड पिजनवर २०१७ मध्ये प्रयोग झाला होता. त्याच्या पंखातलं एक खास अरुंद पीस उडताना सूर काढतं, आणि जिवाच्या आकांताने उडताना तो सूर बदलतो, तो ऐकून इतर पळतात. कंठातून आवाज न काढता इशारा! माझ्या भिंतीवरचे होले एकमेकांचे पंख ऐकून उठतात हे मी बघतो आहे.

दगडवाट

@अरेकिपाकर, दादा, हे फारच मोलाचं. दगडाच्या उबेचा मुद्दा माझ्या डोक्यात आला नव्हता. पुनावर अल्पाकांच्या वाड्यांच्या दगडी गडग्यांपाशी संध्याकाळी होले का जमतात याचं एक कारण हे असू शकतं.

काटेरी

वनस्पतींचा माणूस आहे, त्यामुळे माझं लक्ष ब्लॅक-विंग्डकडे. या होल्याचं आणि पुया रायमोंदीचं नातं सांगितल्याशिवाय धागा अपुरा राहील.

पुया रायमोंदी ही अननसाच्या कुळातली. पेरू आणि बोलिव्हियात, ३,२०० ते ४,८०० मीटरच्या पट्ट्यात, मोजक्या ठिकाणी उरली आहे. अनेक दशकं ती नुसता पानांचा मोठा गोल वाढवत राहते. पानं लांब, तलवारीसारखी, आणि कडेला आत वळलेले आकडे. मग आयुष्यात एकदाच दहा मीटरपर्यंत उंच तुरा काढते, त्यावर हजारो फुलं येतात, बी पडतं आणि झाड मरतं.

झाडं नसलेल्या मुलखात ही एकच उभी गोष्ट. ब्लॅक-विंग्ड भुईहोला तिच्या पानांत घरटं करतो. कोल्हा तिथे तोंड घालत नाही, ससाण्याला आत येता येत नाही. मात्र तेच आकडे कधी पक्ष्यालाही धरतात. आत शिरताना काटे झोपतात, मागे फिरताना पिसांत रुततात. अशा अडकून मेलेल्या पक्ष्यांचे सांगाडे पानांत सापडतात. १९८० मध्ये रीस आणि रो या दोन संशोधकांनी यावर एक गृहीतक मांडलं, की पक्ष्यांची विष्ठा आणि मेलेल्या पक्ष्यांचं अंग या झाडाला नत्र पुरवत असावं. पुनाची माती निकृष्ट, त्यामुळे कल्पना आकर्षक आहे. मला विष्ठेचा भाग जास्त पटतो. घरट्याखाली रोज पडणारं खत आणि कधीमधी अडकणारा एखादा पक्षी, यांत रोजचं खत जास्त भरणार.

दुःखाची गोष्ट अशी की मेंढ्याही या आकड्यांत अडकतात, म्हणून मेंढपाळ पानं पेटवतात. पुया आज आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या यादीत संकटग्रस्त आहे. एक झाड पेटलं की होल्याचं अनेक वर्षांचं घर जातं, आणि त्या जागी तेवढं झाड पुन्हा उभं राहायला माणसाचं आयुष्य जातं.

पाचोळा

काटेरी, अंगावर काटा आला वाचून. तुरा फुलतो तेव्हा तिथे हमिंगबर्ड येतात ना?

काटेरी

हो, जायंट हमिंगबर्ड. पण तो वेगळ्या धाग्याचा विषय, लिहीन.

जुनी_पानं

थोडा इतिहास. ब्लॅक-विंग्डला शास्त्रीय नाव १७८२ मध्ये मिळालं. देणारे हुआन इग्नासिओ मोलिना, चिलीत जन्मलेले जेझुइट धर्मगुरू. १७६७ मध्ये स्पेनच्या राजाने आपल्या साम्राज्यातून जेझुइटांना हाकललं, त्यात हेही गेले आणि इटलीत बोलोन्याला स्थायिक झाले. मायभूमी पुन्हा दिसली नाही. तिथे बसून त्यांनी चिलीच्या निसर्गाचा इतिहास इटालियनमध्ये लिहिला. व्हिकुन्याचं शास्त्रीय नावही त्याच पुस्तकातलं. एका हद्दपार माणसाने दूर देशात बसून आपल्या डोंगरातल्या साध्या होल्याची नोंद राखली, हे मला फार मोठं वाटतं.

मेट्रिओपेलिया गटात एकूण चार जाती. तीन (बेअर-फेस्ड, ब्लॅक-विंग्ड आणि सोनठिपक्या) वर आल्याच. चौथी मोरेनोज ग्राउंड डव्ह, १९०२ मध्ये शार्प यांनी वर्णन केलेली, फक्त वायव्य अर्जेंटिनात.

रसायन

यात एक भर. रेणवीय (डीएनएच्या) अभ्यासांनुसार अमेरिकेतले छोटे भुईहोले, म्हणजे मेट्रिओपेलिया, आरिकाच्या त्या बेडूकआवाज्याचा कोलम्बिना गट आणि आणखी काही, मिळून एक स्वतंत्र शाखा आहे. आपले होले त्या शाखेत येत नाहीत. दिसण्यातलं साम्य बहुधा जमिनीवर दाणे टिपण्यातून आलेलं असावं.

सह्यवारा

उत्तम चर्चा. पण जरा व्यावहारिक विचारतो. चारही जाती आययूसीएनच्या यादीत चिंतेबाहेरच्या आहेत. आपल्याकडे माळढोक संपत आलाय. अशा वेळी जगाच्या दुसऱ्या टोकाच्या, धोक्यात नसलेल्या होल्यासाठी एवढा वेळ का द्यायचा?

दगडवाट

@सह्यवारा, माळढोकाची तळमळ मलाही आहे. पण पक्षी फक्त संपत आल्यावरच बघायचा असं ठरवलं, तर तो भरपूर असताना कसा जगत होता हे कुणालाच माहीत नसतं. माळरानाची हीच तर गत झाली. पडीक म्हणून सोडलेल्या गवताळ जमिनी कुणी नीट बघितल्याच नाहीत.

पुनाचंही तसंच आहे. दुरून ओसाड दिसते. तिथल्या खारट खोऱ्यांत लिथियम आहे, आणि ते काढायला खारं पाणी उपसून उन्हात वाळवतात. कोरड्या मुलखात जमिनीखालच्या पाण्याला हात लागला की आसपासच्या पाणथळींची काळजी वाटणारच. फ्लेमिंगो कमी झाले तर जगभर बातमी होईल. होले कमी झाले तर कळायलाही कुणीतरी आधी त्यांना पाहिलेलं असायला हवं. चुंगारा सरोवराच्या लाउका राष्ट्रीय उद्यानात मी थांबले तेव्हा फ्लेमिंगो बघायला आलेल्या गाड्यांच्या सावलीत होले चरत होते आणि कुणाचीही मान खाली वळत नव्हती. म्हणून मी वेळ देते.

सह्यवारा

पटलं. माळरानाचं उदाहरण वर्मी लागलं. पुढच्या महिन्यात बोलिव्हियाला जाणार आहे, ला पाझ आणि तितिकाका परिसरात. ओळखायचे कसे ते सांगा, दुर्बीण आठ बाय बेचाळीस आहे.

दगडवाट

आधी चेहरा बघा. डोळ्याभोवती उघडी नारिंगी कातडी आणि तिला काळी किनार असेल तर बेअर-फेस्ड. तो उडाला की शेपटीच्या कोपऱ्यांवर पांढरं दिसेल आणि बसलेला असताना पंखांवर फिकट ठिपक्यांची खवल्यांसारखी नक्षी. गावात, भिंतींवर, कड्यांच्या पायथ्याशी शोधा. अंगाने मोठा, गडद, खांद्याशी पांढरा डाग आणि डोळ्याखाली थोडीशी नारिंगी कातडी, तर ब्लॅक-विंग्ड. तो झुडपं असलेल्या उतारांवर मिळेल.

चेहरा साधा, उघडी कातडी अजिबात नाही, शेपूट आखूड, तर सोनठिपक्या. त्याच्यासाठी वस्तीबाहेर अल्पाकांच्या वाड्यांकडे जा. सकाळी ऊन पाठीमागे घेऊन बसा, उभे राहू नका. सोनेरी ठिपके दिसलेच पाहिजेत असा हट्ट धरू नका, चेहरा पुरतो. तितिकाका ३,८०० मीटरवर आहे, त्यामुळे पहिले दोन दिवस चालणं कमी ठेवा आणि पाणी भरपूर प्या. वाड्यांच्या मालकांना आधी विचारा, ते बहुतेक वेळा स्वतःच जागा दाखवतात.

सह्यवारा

नोंद केली. आल्यावर इथेच लिहितो. काटेरी, पुयाची जागा बोलिव्हियात कुठे मिळेल?

काटेरी

व्यक्तिगत निरोप करतो. तुरा आलेलं झाड दिसलं तर पानांतली घरटी दुरूनच बघा. आत हात घालू नका, आकडे सोडत नाहीत.